बसण्याची चोरी



एका खेड्यातल्या शाळेतले गुरुजी वर्गात कधी खुर्चीवर बसत नसत. प्रार्थनेपासून शाळा सुटेपर्यंत उभे. वह्या तपासायच्या त्यासुद्धा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून, उभ्याउभ्या. शाळा पाहायला आलेल्या साहेबांनी शेरेबुकात लिहिले, की हे शिक्षक क्षणभरही न बसता तळमळीने शिकवतात. पुढे गुरुजींनी ही हकिकत मला सांगितली आणि कसनुसे हसत म्हणाले, "तळमळ खरी होती बाई, पण ती निराळी. मला बसताच येत नव्हतं हो!"

हे वाक्यसुद्धा त्यांच्या तोंडून सहज निघाले नाही. मी भौतिकोपचाराच्या, म्हणजे आपण ज्याला फिजिओथेरपी म्हणतो त्या विभागात काम करते. गुरुजी माझ्याकडे आले ते कंबर दुखते म्हणून. कंबर तपासली, पाय उचलून पाहिले, पुढे वाकवले, मागे वाकवले. कंबरेत काही सापडेना. शेवटी त्यांच्याबरोबर आलेल्या त्यांच्या पत्नीच म्हणाल्या, "अहो, खरं काय ते सांगून टाका ना. कंबर नव्हे हो बाई, माकडहाड दुखतं यांचं." गुरुजी खिडकीबाहेर बघायला लागले.

श्रावणात अंगणातल्या शेवाळावरून पाय सरकला आणि ते बुडावर आपटले. त्याला सात महिने झाले होते. सुरुवातीचे चार दिवस तेल चोळले, मग सुटी संपली, शाळा सुरू झाली. दुखणे काही जाईना. कोणी म्हणाले मूळव्याध असेल, म्हणून दोन महिने मूळव्याधीचे औषध घेतले. डॉक्टरांकडे जायचे तर दाखवायचे काय आणि सांगायचे काय, हा संकोच. लग्नाच्या पंगतीला जायचे बंद केले, एस. टी. तून तालुक्याला जायचे ते दांडी धरून उभ्याने. ज्याला पाय दुखतो तो लंगडतो, त्याची लोक चौकशी तरी करतात. याला कोण विचारणार? म्हणून आजचे हे बोलणे. रेडिओवरून या जागेविषयी बोलावे की नाही, असा विचार मलाही पडला होता; पण कोणी बोलत नाही म्हणूनच तर माणसे सात-सात महिने उभी राहतात.

आधी हे हाड आहे तरी कुठे ते पाहू. आपल्या पाठीच्या कण्याच्या अगदी खालच्या टोकाला, दोन कुल्ल्यांच्या मधल्या फटीत, लहान मण्यांसारखे तीन ते पाच तुकडे जोडून बनलेले एक हाड असते. बहुतेकांत हे तुकडे चार. वर रुंद आणि खाली निमुळते होत पुढच्या बाजूला वळलेले. प्राचीन ग्रीक वैद्यांना त्याचा आकार पाहून कोकिळेच्या जातीच्या एका पक्ष्याची चोच आठवली, म्हणून त्यांनी त्या पक्ष्याचेच नाव हाडाला दिले. इंग्रजीत त्याला कॉक्सिक्स म्हणतात ते त्यावरूनच. आपल्याकडे लोकांना शेपटी आठवली आणि माकडहाड हे नाव पडले. शेपटी गेली, आता या हाडाला काही काम उरले नाही, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही.

आता एक प्रयोग करू या. जिथे बसला असाल तिथेच दोन्ही हात, तळवे वर करून, बुडाखाली सरकवा. दोन्ही बाजूंना एकेक टणक उंचवटा हाताला लागेल. ही आपली बैठकीची हाडे. नीट ताठ बसले म्हणजे धडाचा भार या दोन हाडांवर येतो. आता हात तसेच ठेवून, पाठीला पोक काढून मागे रेला, सिनेमा पाहताना आपण खुर्चीत घसरून बसतो ना, तसे. उंचवट्यांवरचा भार कमी झाला आणि मागे मधोमध काहीतरी टेकू लागले, असे जाणवेल. तेच माकडहाड. म्हणजे तिवईच्या तिसऱ्या पायासारखे ते आहे. पुढे झुकले की या पायावर भार जवळजवळ नसतो, मागे रेलले की वाढतो. एवढी एक गोष्ट ध्यानात आली तरी अर्धा उपचार समजला म्हणा.

दुसरे असे, की या हाडाला स्नायू बांधलेले असतात. कमरेच्या हाडांच्या वाडग्याला तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, बायकांचे गर्भाशय, गुदाशय हे सगळे त्या झोळीत पेललेले असतात. या झोळीचे पुढचे टोक जांघेच्या मधल्या हाडाला आणि मागचे टोक माकडहाडाला. शिवाय कुल्ल्याच्या मोठ्या स्नायूचे काही धागेही तिथेच येऊन मिळतात. हाड बोटाच्या पेराएवढे, पण त्याला ओढणारे दोर हे असे. म्हणून पडल्यावर हाडाचा मुका मार काही आठवड्यांत भरून आला तरी दुखणे मागे राहते. पहिल्या दिवसांत वेदनेमुळे आखडलेली झोळी पुढे सैल व्हायचे विसरून जाते आणि बिचाऱ्या हाडाला दिवसरात्र ओढत राहते.

या दुखण्याला वैद्यकात स्वतंत्र नाव मिळाले १८५९ साली. एडिंबरोचे डॉक्टर जेम्स यंग सिम्प्सन यांनी ते दिले. बाळंतिणीच्या वेदना कमी करण्यासाठी १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म वापरणारे तेच हे सिम्प्सन. प्रसूतीच्या वैद्याने या हाडाकडे लक्ष द्यावे यात नवल नाही. हे दुखणे पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी जास्त आढळते, साधारण पाचपट म्हणतात. बाळाचे डोके बाहेर येताना हे हाड मागे ढकलले जाते, कधी त्याचा सांधा मुरगळतो, क्वचित हाड मोडतेही. मात्र उपचाराची दिशा पुष्कळ उशिरा बदलली. १९३७ मध्ये अमेरिकेतले डॉ. थीले यांनी मांडले, की बहुतेकांचे दुखणे हाडात नसून त्या झोळीच्या स्नायूंच्या आखडण्यात आहे. त्यांनी त्या स्नायूंना आतून हलके मर्दन करण्याची पद्धत सांगितली, आणि रुग्णाची बसण्याची ढब सुधारण्यावर भर दिला. आजही आम्ही त्याच वाटेने चालतो, थोडी आणखी माहिती गाठीशी बांधून.

आता गुरुजींकडे परत जाऊ. त्यांच्या पिशवीत क्ष-किरणांचा फोटो होता आणि त्याबरोबरच्या कागदावर, हाड पुढे वळलेले आहे, असे लिहिले होते. त्या एका ओळीने त्यांची झोप उडाली होती. "हाड वाकडं झालंय, आता ऑपरेशनच ना?" मी म्हटले, "गुरुजी, ते जन्मापासूनच वळलेलं असतं. तुमचं आहे, माझंही असेल." १९८३ मध्ये इटलीतल्या दोन डॉक्टरांनी या हाडाच्या आकाराचे चार प्रकार मांडले; पुढे थोडे वळलेले, पुष्कळ वळलेले, असे सगळे प्रकार काही न दुखणाऱ्या माणसांतही सापडतात. शिवाय पडून ठेवून काढलेल्या फोटोत या हाडाचे खरे रूप कळतेच असे नाही. पॅरिसच्या डॉ. मेन यांनी १९९० नंतरच्या काळात एक साधी गोष्ट केली. एक फोटो रुग्णाला उभे करून काढायचा आणि दुसरा, जसे बसल्यावर दुखते तसे बसवून. दोन्ही शेजारी ठेवले की हाड बसताना फार हलते का, जागेवरून सरकते का, ते दिसते. पण हे सगळ्यांना लागत नाही. जुने, हट्टी दुखणे असेल तरच.

मग उपचार काय? पहिला उपचार औषधाच्या दुकानात मिळत नाही, तो घरात करता येतो. एक उशी. उशी मऊ असावी असे लोकांना वाटते आणि इथेच चूक होते. मऊ गादीत बूड खाली जाते आणि गादी चहूकडून वर येऊन नेमकी माकडहाडाला टेकते. आपल्याला हवी ती घट्ट उशी, आणि तिला मागच्या बाजूला मधोमध खाच. तीन-एक इंच जाडीचा घट्ट फोम घ्या, मागच्या कडेपासून मधोमध चार इंच रुंद आणि पाच-सहा इंच खोल तुकडा कापून काढा, वरून जुन्या लुगड्याचा अभ्रा शिवा. बसल्यावर बैठकीची हाडे फोमवर आणि माकडहाड खाचेवर अधांतरी. बरोबर झाली की नाही हे पाहायचे तर बसून मागून खाचेत बोटे घालावीत. ती सहज आत गेली म्हणजे झाले. फोम नसेल तर दोन जाड टॉवेल किंवा घोंगडीच्या दोन घड्या लांबट गुंडाळून, एकेका मांडीखाली एकेक, मध्ये मागे फट सोडून ठेवाव्यात. बाजारात भोक असलेली गोल, चाकासारखी उशीही मिळते. ती मूळव्याधीच्या रुग्णाला बरी, पण माकडहाडवाल्याला पुष्कळदा तिची मागची कड नेमकी तिथेच टोचते. पैसे देण्याआधी दुकानातच पाच मिनिटे बसून पाहावे. दुकानदार हसेल, हसू द्या.

उशीच्या जोडीला बसण्याची रीत. खुर्चीवर असाल तर पाय जमिनीला पूर्ण टेकलेले, टेबल जवळ ओढलेले, कोपरे टेबलावर, धड किंचित पुढे. वीस-पंचवीस मिनिटांनी उठून चार पावले चालायचे. शिक्षकांना हे जमते. फळ्यापर्यंत गेले तरी पुरे. उठताना मात्र बऱ्याच जणांना कळ येते. या दुखण्याची ती खूणच आहे. तेव्हा एकदम उभे राहू नये. पाय मागे खुर्चीखाली घ्यावेत, धड चांगले पुढे झुकवावे, हात मांड्यांवर ठेवावेत आणि मग उठावे.

आपल्याकडे अर्धे बसणे जमिनीवरचे. मांडी घालून बसणे वाईट नाही, पण गुडघे वर आणि बूड खाली अशी स्थिती झाली की कंबर मागे कलंडते आणि पोक येतो. म्हणून बुडाखाली चार-पाच बोटे उंचीची घट्ट घडी घ्यावी, गुडघे खाली येतात आणि पाठ आपोआप सरळ होते. भिंतीला टेकून पाय लांब सोडून बसणे, दळण निवडताना, शेंगा फोडताना आपण बसतो तसे, हे या दुखण्याला सगळ्यांत वाईट. उकिडवे बसून खुरपणाऱ्या बायकांचे माकडहाड तितका वेळ तरी मोकळे असते; गुडघे कुरकुरतील ती गोष्ट वेगळी. ट्रॅक्टर आणि मोटारसायकल यांवर खड्ड्यागणिक खालून ठोसा बसतो. काही आठवडे टाळता आले तर टाळावे, नाहीच आले तर खाचेची उशी बांधून, रिकिबीवर पाय रोवून, खड्डा आला की बूड थोडे उचलावे. घोडेस्वार नाही का करत!

पुष्कळ जण विचारतात, अंथरुणाला खिळून पडावे का? नाही. अगदी पहिल्या दोन-तीन दिवसांत जड कामे टाळावीत, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावावा, कुशीवर झोपावे. पुढे कोमट पाण्याच्या घमेल्यात किंवा टबात दहा-पंधरा मिनिटे बसण्याने बरे वाटते. पाणी कोमट म्हणजे हाताच्या कोपराला सोसेल इतकेच. चालणे मात्र पहिल्या दिवसापासून. चालण्याने स्नायू सैल होतात आणि मनही मोकळे होते. पोट साफ राहील हेही बघायचे, कारण कुंथले की तीच झोळी ताणली जाते. भाकरी, पालेभाजी, पुरेसे पाणी, आणि कळ आली की लगेच जाणे. कमोड असेल तर पायाखाली बुटका पाट घ्यावा.

आता मी माझ्याच एका चुकीची गोष्ट सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वी एक पहिलटकरीण, बाळ आठ महिन्यांचे असताना, माझ्याकडे आली. बाळंतपण अवघड झाले होते, चिमटा लावावा लागला होता. तेव्हापासून तिला टेकून बसवत नव्हते. तिने घरात कोणाला सांगितले नाही. सांगितले असते तर, "आम्हाला नाही का मुलं झाली?" असे ऐकावे लागले असते, असे ती म्हणाली. बाळाला पाजायला बसायचे म्हणजे भिंतीला टेकून, पाय लांब करून. म्हणजे दिवसातून आठ-दहा वेळा नेमकी तीच वाईट बैठक. पाजताना डोळ्यांतून पाणी यायचे. मग ती पाजायची टाळाटाळ करू लागली, वरचे दूध सुरू झाले, आणि घरात तिच्यावर आळशी, नाजूक असा शिक्का बसला. शेवटी गावातल्या आशाताईंनी तिला गाठून विचारले आणि इकडे पाठवले.

मी काय केले? बाळंतपणानंतर झोळीचे स्नायू सैल पडतात हे पुस्तकात वाचलेले. म्हणून तिला ते आवळण्याचा व्यायाम दिला. लघवी रोखून धरताना आवळतो तसे आवळायचे, सोडायचे, दिवसातून इतक्या वेळा. मुलगी कष्टाळू, तिने सांगितल्यापेक्षा जास्त केला. पंधरा दिवसांनी आली तेव्हा तिला उभे राहणेसुद्धा नकोसे झाले होते. आधीच आखडलेला दोर मी आणखी पिळायला सांगितला होता! ज्यांना हसता-खोकताना लघवी सुटते त्यांना तो व्यायाम उपयोगी आहे, पण माकडहाडाच्या दुखण्यात आधी तपासून पाहावे लागते, की झोळी सैल आहे की आखडलेली. मी तपासले नव्हते. तिने मला दोष दिला नाही, तेच मला जास्त लागले.

मग आम्ही दोघींनी उलट्या बाजूने सुरुवात केली. सैल सोडायला शिकायचे. तो प्रकार असा. कुशीवर झोपावे, दोन गुडघ्यांमध्ये उशी, एक हात पोटावर. नाकाने सावकाश श्वास आत घ्यावा, छाती नव्हे तर पोट फुगू द्यावे, आणि त्याच वेळी खालची झोळी जड होऊन खाली उतरते आहे अशी कल्पना करावी. लघवीला बसल्यावर पहिल्या क्षणी आपण जसे सैल सुटतो, तसे. ढकलायचे नाही, कुंथायचे नाही. श्वास सोडताना काहीच करायचे नाही. पाच मिनिटे, दिवसातून तीन वेळा. फार सोपे वाटते, पण दात-ओठ आवळून जगायची सवय झालेल्या माणसाला हे शिकायला आठवडा लागतो. आणि पाजणे कुशीवर झोपून. सासूबाईंना मी बोलावून घेतले आणि हाडाचे चित्र दाखवले. बघता बघता त्या म्हणाल्या, "माझंही असंच दुखायचं गं, धाकट्याच्या वेळी." सुनेने त्यांच्याकडे पाहिले. आम्ही तिघी थोडा वेळ गप्प होतो.

श्वास जमला की ताण देण्याचे दोन व्यायाम. आपल्या देशातच, ओडिशात कटकजवळ ओलतपूरला अपंगांच्या पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या मोहंती आणि पटनाईक यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अठ्ठेचाळीस रुग्ण घेतले होते. उशी, कोमट पाणी असे नेहमीचे उपाय एका गटाला, आणि इतरांना त्याजोगे कुल्ल्यातल्या एका खोल स्नायूचा व जांघेतल्या स्नायूचा ताण; काहींना पाठीचे आखडलेले मणके मोकळे करण्याचा उपचारही. ताण देणाऱ्यांना अधिक आराम पडला. माकडहाडाला हातही न लावता, शेजारचे दोर सैल करून हा गुण येतो, हे मला फार पटले.

कुल्ल्याचा ताण : सतरंजीवर मऊ घडी घालून उताणे झोपा, गुडघे दुमडा. उजव्या पायाचा घोटा डाव्या गुडघ्यावर आडवा ठेवा. आता डाव्या मांडीला मागून दोन्ही हातांनी धरून छातीकडे ओढा. उजव्या कुल्ल्यात खोल ओढ जाणवेल. तीस आकडे मोजेपर्यंत थांबा, श्वास चालू ठेवा. मग दुसरी बाजू. प्रत्येकी तीनदा. जांघेचा ताण : एक गुडघा घडीवर टेकवा, दुसरे पाऊल पुढे, नेम धरणाऱ्या धनुर्धराच्या चित्रात असते तसे. पोट किंचित आत घेऊन कंबर पुढे सरकवा. टेकलेल्या पायाच्या जांघेत ओढ लागते. तीस आकडे. दोन्ही व्यायाम गोड ओढीपर्यंतच. माकडहाडात कळ आली तर थांबायचे. उताणे झोपून उठाबशासारखे पोटाचे व्यायाम, आणि सायकल, दुखणे ओसरेपर्यंत नकोत.

महिना-दीड महिना हे मनापासून करूनही फरक पडला नाही तर प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञाकडे जावे. अनेक जिल्हा रुग्णालयांत हा विभाग असतो. तिथे हाताने उपचार करतात. त्यातला एक, थीले यांचा, गुदद्वारातून हातमोजा घातलेल्या बोटाने करायचा असतो. ऐकूनच अंगावर काटा येतो, मला कल्पना आहे. म्हणून स्पष्ट सांगते : काय करणार ते आधी समजावून सांगितले पाहिजे, तुमची परवानगी घेतली पाहिजे, बाईसोबत दुसरी बाई हजर पाहिजे, आणि थांबा म्हटले की हात तत्काळ थांबला पाहिजे. यातले एकही नसेल तर तिथून उठून यावे. हाड बसवून देतो म्हणणाऱ्या हाडवैद्याला तर या जागेला हात लावू देऊ नये. आणि या उपचाराची जादू नाही हेही सांगायला हवे. डॉ. मेन यांनीच २००६ मध्ये एकशे दोन जुन्या रुग्णांवर त्याची चाचणी घेतली. अर्ध्यांना आतून उपचार, अर्ध्यांना बाहेरून नाममात्र शेक. महिन्याने पहिल्या गटात शेकडा छत्तीस जणांना चांगला गुण होता, दुसऱ्यात वीस जणांना. सहा महिन्यांनी बावीस आणि बारा. म्हणजे उपयोग आहे, पण बेताचा. दुखणे अलीकडचे आणि पडल्यामुळे झालेले असेल तर गुण येण्याची शक्यता जास्त.

यंत्रांच्या शेकाविषयीही थोडे. इंग्लंडमध्ये १९९१ साली एकशे वीस रुग्णांची हकिकत प्रसिद्ध झाली. त्यात यंत्राच्या शेकाने फारसे काही साधले नाही. हाडाजवळ इंजेक्शन दिलेल्यांपैकी शेकडा साठ बरे झाले, आणि भुलीखाली हाड हलवून शिवाय इंजेक्शन दिलेल्यांपैकी पंच्याऐंशी. हाड काढायची वेळ आली तेवीस जणांवर. तेव्हा रोज दहा मिनिटे दिव्याखाली झोपवून घरी पाठवणे म्हणजेच भौतिकोपचार, असे कोणी समजू नये. आमच्यातलेही काही समजतात. इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया हे मार्ग आहेत, पण ते शेवटचे, आणि अस्थितज्ज्ञांनी ठरवायचे. बहुतेकांना तिथवर जावे लागत नाही.

काही खुणा मात्र अशा, की त्या दिसल्यावर उशी शिवत बसू नये, डॉक्टरांकडे जावे. ताप, किंवा त्या जागी लाल दुखरी गाठ, पू. तरुण, अंगावर केस दाट असलेल्या, तासन्‌तास गाडी चालवणाऱ्या पुरुषांत फटीच्या वर केस आत रुतून गळू होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांत ते इतके दिसले, की १९४४ मध्ये त्याला जीपचा रोग असेच नाव पडले. ते माकडहाडाचे दुखणे नव्हे, त्याचा उपचार निराळा. बसण्या-उठण्याशी संबंध नसलेले, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, वजन घटत जाणे, शौचातून रक्त. आणि जांघेत, बैठकीच्या जागी बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, पायांतले बळ जाणे यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच, मोठे रुग्णालय गाठावे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. वर्गात एक मूल बसायला लागले की मागच्याने बाक किंवा खुर्ची ओढायची, आणि ते धपकन पडले की सगळ्यांनी हसायचे, ही गंमत आपण सगळ्यांनी लहानपणी पाहिली आहे, काहींनी केलीही असेल. माझ्याकडे येणाऱ्यांत चाळिशीच्या बायका असतात, दुखणे कधीपासून विचारले तर म्हणतात, सातवीत असताना खुर्ची ओढली होती. हे मुलांना आधी हाडाचे चित्र काढून सांगा. मुलांना फळ्यावरची हाडे आवडतात. आणि एखादे मूल पायाखाली पाय घेऊन, एका कुल्ल्यावर कलून बसत असेल तर सरळ बस म्हणून दटावण्याआधी, तू पडलास का, एवढे विचारा. मुलींना वेगळे बोलावून विचारा.

गुरुजींची उशी त्यांच्या पत्नीने शिवली, जुन्या गोधडीच्या कापडाची, खाच अगदी बेतशीर. पहिल्या दिवशी ती शाळेत नेताना त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून नेली. मुलांनी दुसऱ्याच दिवशी तिचे नाव ठेवले, गुरुजींचे खोगीर. गुरुजींना राग आला नाही. त्यांनी त्या दिवशी फळ्यावर पाठीचा कणा काढला आणि खोगीर कशासाठी ते सांगितले. तीन महिन्यांनी ते मला दाखवायला आले तेव्हा माझ्यासमोरच्या साध्या लाकडी खुर्चीवर बसले, पुढे झुकून, हात टेबलावर ठेवून. मी म्हटले, "उशी कुठाय?" ते म्हणाले, "आमच्या स्वयंपाकीणबाई पडल्या परवा. त्यांना दिली."